एक बाजार वर, एक बाजार खाली

म्हस्कू कोळपे या माणसाला हळू बोलता येत नसे. आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागं गेलेली. ओढ्यापलीकडच्या मेंढराला ऐकू गेलं पाहिजे, एवढा आवाज ठेवायची सवय. बंधाऱ्यावर उभं राहून त्यांनी "नर्सबाई, चा घेता का?" असं विचारलं की नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातली माणसंसुद्धा मान वर करून बघायची. मी किती वेळा सांगितलं, मामा, मी हातभर अंतरावर उभी आहे. ते म्हणायचे, "व्हय, दिसताय की!" तेही तेवढ्याच आवाजात.

मी ललिता. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, वडील रेल्वेत गँगमन. १९९६ साली मांडवगण फराट्याच्या बाजूला नदीकाठच्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. जवळ एक लूना होती आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. लूना केव्हाच मोडीत निघाली. राग आहे अजून.

भीमेवर तिथं एक बंधारा आहे. दगडी खांब, दोन खांबांमध्ये गाळा, आणि प्रत्येक गाळ्यात दोन ओळींत एकावर एक बसवलेल्या लोखंडी फळ्या. त्या फळ्यांना ढापे म्हणतात. पावसाळा सरला की ढापे टाकायचे, दोन ओळींच्या मध्ये चिकणमाती ठासायची, म्हणजे नदी अडते आणि मागं दोन कोस लांब तळं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर ढापे परत काढायचे. हे सगळं करणारा रोजंदारीवरचा राखणदार म्हणजे म्हस्कूमामा. वर साहेब, त्याच्यावर मोठे साहेब, पण मामांची चाल अशी की नदी त्यांनीच पाळलेली आहे. पाणी किती आहे असं विचारलं तर ते फूट-इंच सांगत नसत. "आज गुडघ्यापतुर हाय" किंवा "काल कमरंला व्हतं" असं सांगायचे.

बंधारा झाला तेव्हा कोळपेवस्तीवरच्या तीसेक धनगर घरांनी एकेक करून मेंढरं विकली, ऊस लावला, जर्सी गाई आणल्या. मामांनी सगळ्यात शेवटी विकली. त्यांची बायको अनसाबाई सांगायच्या, की विकून आल्यावर आठ दिवस हा माणूस रिकाम्या रानाला शिट्टी घालत होता. पोटाला दुसरं काही सुचेना म्हणून मग बंधाऱ्याचं काम धरलं.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी बिरोबाच्या देवळापुढं भाषण ठोकलं. नवीन नर्स, नवीन तक्ते, अंगात उत्साह मावत नव्हता. हिवताप डासानं होतो, डास पाण्यात होतो, एवढं सांगून मी तक्त्यावर छडी आपटली आणि म्हणाले, "साचलेलं पाणी म्हणजे डासांचं माहेर! वाहत्या पाण्यात डास होत नाही. म्हणून पाणी वाहतं ठेवा!" बायका जांभया देत होत्या, पुरुष तंबाखू मळत होते. पुढच्या ओळीत एकटे म्हस्कूमामा कान देऊन ऐकत होते. मी थांबले तशी त्यांनी जोरात टाळी वाजवली. मला काय आनंद झाला त्या टाळीचा! घरी जाऊन वडिलांनासुद्धा सांगितलं.

त्या हिवाळ्यात वस्तीवर थंडीतापानं थैमान घातलं. आधीच्या वर्षीच्या रजिस्टरात पाच-सात नावं होती, यंदा चाळीस झाली. माणसं भर उन्हात तीन-तीन गोधड्या घेऊन कुडकुडायची, घाम फुटला की उठून कामाला लागायची, आणि एक दिवस सोडून पुन्हा गोधडीत. मामांची सून जनाई तेव्हा पहिलटकरीण, पाचवा महिना. जानेवारीत तिला ताप आला आणि मला कळायच्या आत, तिसऱ्या दिवशी पोट पडलं. मुलगा बिरदेव ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होता, तो दोन दिवसांनी पोचला. मामा पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत. शांतता कशी असते हे वस्तीला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी जनाईला पुन्हा दिवस राहिले. सगळ्यांनी जपायचं ठरवलं होतं. अनसाबाई तिला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हत्या. आणि दिवाळी झाली न झाली तोच वस्तीवर पुन्हा तोच ताप. मी एकवीस जणांची बोटं टोचली, काचेवर रक्ताचे थेंब घेतले, प्राथमिक केंद्रात पाठवले. तेरा जणांचं हिवताप म्हणून आलं. त्यांत एक नाव जनाई बिरदेव कोळपे. पाचवा नुकता सरला होता.

गोळ्या लगेच दिल्या, ताप उतरला. पण केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "हा ताप बरा होईल हो. पुढचा डास पुढचा ताप देईल. बाळंत होईपर्यंत चार महिने तिला तिथं कसं सांभाळणार?" तिला माहेरी पाठवावं म्हटलं, तर तिचं माहेर नदीकाठीच, राहू गावाच्या बाजूला, आणि तिथंही आजारी माणसं होती. तेव्हा एकच उरलं, डास कुठं होतोय ते शोधायचं. मी चवताळले होते. या पोरीचं हे मूल मी जाऊ देणार नव्हते.

तोवर आम्ही काय काय केलं होतं ते सांगते. घराघरांत फवारणी केली, तर दिवाळीचं राहिलेलं सारवण बायकांनी दुसऱ्याच दिवशी उरकून घेतलं. औषध शेणाखाली गेलं. मग मी मोठ्या कौतुकानं केंद्रातून बरणीभर गप्पी मासे आणले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. वाजतगाजत तळ्यात सोडले. मामा काठावर उभे होते. दोन मिनिटांत तळ्यातल्या मोठ्या माशांची खळबळ झाली आणि ते ओरडले, "बाई, चिलापीनं तुमचं गप्पी खाल्लं!" वस्ती महिनाभर हसत होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी पांढरी पळी घेऊन तळ्यावर गेले. अळ्या शोधायला आमच्याकडं लांब दांड्याची पळी असते; पाण्यात बुडवायची, वर घ्यायची, पांढऱ्यावर अळ्या दिसतात त्या मोजायच्या. काठाकाठानं मी तीस पळ्या काढल्या. एक अळी नाही. पळीत बारकी मासळी यायची आणि परत उडी मारून जायची. एवढं मोठं तळं, आणि डासाचं नाव नाही. मला वाटलं, डोक्यात काहीतरी घालून घ्यावं.

तेवढ्यात काठच्या चिखलात माझा पाय घोट्याच्या वर गेला. ओढला तर पाय आला, चप्पल आत राहिली. मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. बंधाऱ्यावरून मामांनी ते ऐकलं असणार, कारण ते माझ्याकडं पळत आले. "हलू नगा! आजून रुताल!" त्यांनी कोपरापर्यंत हात घालून चप्पल काढून दिली. ती धुवायला पाणी हवं म्हणून मी वाकले, आणि माझ्या पायाशीच गाईच्या खुराचा ठसा होता. त्यात करवंटीभर पाणी. आणि पाण्याच्या तोंडाशी केसाच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

गटारातल्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लोंबकळते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच आडवी पडून असते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. या सगळ्या आडव्या होत्या.

"मामा!" मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "मामा, सापडल्या!"

ते उकिडवे बसले आणि बोटानं, मेंढरं मोजतात तसं दोन-दोननं मोजू लागले. "सत्तावीस! एका खुरात सत्तावीस, बाई!" पलीकडच्या खुरात एकोणीस. त्याच्या पुढच्यात तीसच्या वर, मोजताच येईनात. आम्ही दोघं चिखलात खुरं धुंडाळत सुटलो. काठभर शेकडो ठसे होते. पाण्यावर येणाऱ्या गाई, म्हशी, शेरडं, सगळ्यांचे.

मग मी पाण्याच्या अगदी कडेचे ठसे बघितले आणि हिरमुसले. "यांत नाहीत, मामा."

"कशा असतील? ते कालचं हाय."

"काय कालचं?"

"खूर. काल सांजचं. त्येची कड बगा की, कशी धारंची हाय." ते हातभर मागं सरकले. "ह्ये तीन दिसांचं. कड बसलीया. ह्ये आलीकडं हाय ते पाच-सा दिसांचं, वर शेवाळ धरायला लागलंय. आन् त्ये वरलं गेल्या बाजारच्या आदलं. बुड निस्तं ओलं ऱ्हायलंय."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. चाळीस वर्षं चुकलेल्या मेंढराच्या मागावर फिरलेला माणूस. त्याला चिखलातला ठसा कधीचा आहे हे सांगायला विचार करावा लागत नव्हता. मी पळी टाकली आणि गुडघ्यावर बसले. "परत सांगा. हा कधीचा?"

"कालचा."

यात काहीच नाही. "आणि हा?"

"तीन दिस."

यात सुईच्या टोकाएवढ्या अळ्या, नीट बघितल्याशिवाय दिसू नयेत अशा. सहा दिवसांच्या ठशात चांगल्या मोठ्या, वळवळणाऱ्या. आठ दिवसांच्या ठशात अळ्या कमी आणि वाकडे वाकडे कोष जास्त. या कोषातूनच डास बाहेर पडतो. आणि सगळ्यात वर, दहा दिवसांच्या ठशात, ओल्या बुडाला रिकामी सालं चिकटली होती. त्यातले उडून गेले होते. कुठं, ते सांगायला नको. वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती, आणि जनाई त्या वस्तीत झोपत होती.

ते खुराचं वय सांगायचे, मी अळीचं. दर वेळी जुळायचं! आम्ही पाण्यापासून वर, वरून पुन्हा पाण्यापर्यंत चार वेळा गेलो, आणि चारही वेळा जुळलं. माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, मामांचा पटका निसटून गळ्यात, आणि दोघंही लहान पोरांसारखे ओरडत होतो. काठावर धुणं धुणाऱ्या अनसाबाईंनी हात थांबवून विचारलं, "काय गावलं वो? सोनं का काय?"

"डास!" मामा ओरडले.

"मंग त्येला येवढं नाचायला काय झालं?"

आता सगळं लख्ख दिसत होतं. तळ्यात मासे आहेत, म्हणून तळ्यात अळी नाही. पण पाणी रोज थोडं थोडं उतरतंय. उतरलं की नवी ओली पट्टी उघडी पडते, तिच्यावर गुरं येतात, खुरात पाणी झिरपतं, आणि खुरात मासा कुठून येणार? डासांना रोज नवी दुधाची वाटी मिळत होती. एकच गोष्ट मला कळेना. "मामा, मोटारी तर वीज असेल तेव्हाच उपसतात. कधी चालतात, कधी चार-चार दिवस बंद. मग पाणी रोज असं नेमानं बोट-बोटभरच कसं उतरतंय?"

  मामा तिथंच चिखलात खाली बसले.

"म्या सोडतोय," ते म्हणाले. हळू म्हणाले. मला पुढं वाकावं लागलं. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, देवळाम्होरं. पानी वाहतं ठेवा. तवापासनं रोज सकाळच्याला तीन गाळ्यांची माती उकरून ढापा बोटभर वर घेतोय. दुपारच्याला परत माती लावतोय. सायबाला कळलं तर कामावनं जाईन म्हनून कुनाला सांगितलं न्हाई."

मला काय वाटलं ते कसं सांगू? माझी छडी, माझा तक्ता, ती टाळी, सगळं आठवलं आणि आतून पेटल्यासारखं झालं. कुणावर ओरडणार? एवढ्या गावात माझं भाषण ऐकलं एकाच माणसानं, आणि त्यानं ते मनापासून पाळलं. ऊसवाल्यांच्या शिव्यांचा, साहेबांचा धोका पत्करून पाळलं. दोन कोसांचं तळं तीन फटींनी वाहतं होत नाही, ते नुसतं सावकाश खाली जातं, हे मला सांगता आलं असतं. पण तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं?

"म्हंजी गेल्या साली..." मामा म्हणाले आणि वस्तीकडं बघत राहिले. 

"चूक माझी आहे, मामा. मी अर्धवट सांगितलं."

"ढापा म्या उचलला."

अनसाबाई हातात पिळा धरून तशाच उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी धुण्याचं बोचकं उचललं आणि वस्तीकडं चालू लागल्या.

 मग मामांनी पटका सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि एकदम नेहमीच्या आवाजात विचारलं, "उडाया किती दिस लागत्यात त्येला?"

"आठ. थंडी वाढली की दहा, कधी जास्तही."

"मंग बाजार ते बाजार मारलं तर?"

मांडवगणचा आठवड्याचा बाजार. सातव्या दिवशी मारलं, तर आठव्या दिवशी उडायला कुणी उरत नाही! मी टुणकन उठले. "पाणी एकदम खाली घ्या, मामा. दोन हात. सगळे ठसे वाळून जातील."

"आन् ऊस? लोक मला ढाप्यासंगं गाळ्यात घालतील." ते पाण्याकडं बघत होते. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "बाई, खाली कशाला? वर न्हेलं तर? खुरं बुडत्याल. मासा आत जाईल."

हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आठवत नव्हतं. सांगितलं असेल तर त्या दिवशी मी खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत असणार. "वर!" मी म्हणाले. "वर न्या, मामा!"

त्यांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. ही शिट्टी वस्तीनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पोरं, बायका, म्हातारे, काय झालं म्हणून सगळे बंधाऱ्यावर धावले. मामांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पाणी मीच सोडत होतो, आता मला शिव्या नंतर द्या, आधी घमेली आणा. शिव्या तिथल्या तिथंही बऱ्याच मिळाल्या. पण घमेली आली. दिवस मावळेपर्यंत झाडून सगळ्या गाळ्यांत चिकणमाती ठासून झाली. वरच्या अंगानं नदीला अजून पाणी चालू होतं. फट बुजली तसं तळं चढायला लागलं.

बाजारच्या दिवशी पाणी वीतभर वर आलं होतं. बाजाराला जायचं सोडून निम्मी वस्ती काठावर. खुरांच्या ठशांवरून पाण्याची पातळ जीभ पुढं सरकत होती, आणि तिच्याबरोबर बारकी मासळी. पहिला मासा एका खुरात शिरला, तेव्हा मी श्वास धरून बसले होते. तो गर्रकन फिरला, पुन्हा फिरला, आणि बाहेर पडून शेजारच्या खुरात गेला. मी वाकून बघितलं. एक अळी उरली नव्हती. "खाल्लं!" मामा ओरडले. "समदं खाल्लं!" गप्पी मासे खाल्ले तेव्हा ओरडले होते त्याच्या दुप्पट.

काठावर ज्यांची सगळ्यात मोठी मोटार होती ते मारुतराव तणतणत आले, "ढाप्याला कुनी हात लावला?" मग त्यांनी पाण्याकडं बघितलं. महिनाभर त्यांच्या मोटारीचा पाइप चिखल ओढत होता, आता तो चांगला बुडला होता. "बरं झालं," ते म्हणाले. "रोज लावत जावा."

खरी कसोटी पुढच्या बाजाराला होती. चढलेल्या पाण्यात काठचं गवत बुडतं, आणि त्या गवतात अळ्या लपतात, तिथं मासा नीट पोचत नाही. पाणी एका सकाळी झटक्यात वीतभर उतरवलं, की त्या अळ्या गवतासकट उन्हात पडतात. म्हणून एक बाजार वर, एक बाजार खाली. खाली म्हटल्यावर मारुतराव उसळले. मामा म्हणाले, "मारुतराव, एक वीत उसनी द्या. म्होरल्या बाजारला परत घ्या. न्हाई दिली तर मला गाळ्यात घाला." मारुतरावांची स्वतःची लेक तेव्हा तापानं गोधडीत होती. त्यांनी दिली.

आणि उतरल्यावर उघड्या पडलेल्या पट्टीवर पुन्हा खुरं उमटली तर सगळं मुसळ केरात. तिथं मामांनी धनगरांचा जुना नेम बाहेर काढला. मेंढरू कधी चिखलात पाण्याला घालत नाहीत. खुरं सडतात, त्याला खुरी म्हणतात. मेंढरं खडकावर पाजायची. बंधाऱ्याच्या वर एक खडकाळ उतार होता. गुरं तिथंच पाजायची असं मामांनी ठरवलं. डासांसाठी म्हणून सांगितलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. मामांनी घरोघर फिरून एवढंच सांगितलं, "जर्सीला खुरी लई लवकर व्हती. आन् खुरी झाली की गाय दूध चोरती." दुसऱ्या दिवशी सगळ्या जर्सी खडकावर. मी पोट धरून हसले.

डिसेंबरमध्ये सहा जणांना हिवताप. जानेवारीत दोघांना. नदीचं पाणी रोडावलं तेव्हा वर न्यायचं पाणी वरच्या धरणातून ठरल्या पाळीचं पाणी, म्हणजे आवर्तन, सुटेल तेव्हाच मिळायचं; मामा त्या तारखा तोंडपाठ ठेवायचे आणि मधले बाजार, गुरं चिखलात उतरू नयेत म्हणून, खडकावर काठी घेऊन उभे राहून भरून काढायचे. प्रत्येक बाजारच्या दिवशी मी जनाईला डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन कडू गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावायचे, जरा कणकण वाटली की बोट टोचायचे. मामा दाराबाहेर उभे. "काय निगालं?" रिपोर्ट यायला आठवडा लागतो, मामा! "बरं. मंग उद्या इचारतो." फेब्रुवारीत वस्तीवर एकही नाव नाही. मी रजिस्टर तीन वेळा बघितलं.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, बाजारच्याच दिवशी पहाटे बिरदेवनं जनाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या घालून उपकेंद्रात आणलं. दहा वाजता सुटका झाली. मुलगी. पावणेतीन किलो, आणि रडणं असं की आजोबा कोण हे विचारायची गरज नव्हती. मी हात धुतले, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि दार उघडून ओरडले, "मामा!"

मामा नव्हते. अनसाबाई म्हणाल्या, "त्ये गेलं बंधाऱ्यावं. रडू आयकलं आन् उटून गेलं."

माझं डोकं फिरलं. चार महिने दाराबाहेर उभा राहणारा माणूस, आणि आज नात बघायला थांबत नाही? मुलगी झाली म्हणून? पोर अनसाबाईंच्या हातात दिली, लूनाला किक मारली आणि थेट बंधाऱ्यावर गेले. मामा मधल्या गाळ्याशी वाकून वरचा ढापा सोडवत होते.

"नात झाली मामा! तोंड बघायला नको?"

"बरी हाय?" ते वळले. "आन् जनी?"

"दोघी ठणठणीत आहेत."

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि दौंडच्या बाजूला तोंड करून ओरडले, "पोरगी झाली रं!" पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडून विचारलं, कुणाला? "मला!" मामा ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. आणि तसेच पुन्हा ढाप्याकडं वाकले.

"अहो, आधी चला ना! एवढी काय घाई आहे? उद्या उतरवा पाणी. एका दिवसानं काय होतंय?"

"गेल्या साली ढापा सैल कराया एक दिस चुकवला न्हाई, बाई," ते म्हणाले. "आता कसा चुकवू?"

 ढापा एका माणसाला जड होता, दुसरं टोक कुणी धरलेलं नव्हतं. मी ते धरलं.